वारसाहक्काची मार्टिनी कार्बाइन : ओळख पटवणं आणि किंमत काढणं, एक पूर्ण प्रकरण

सातारा जिल्ह्यातलं एक कुटुंब, नाव-गाव मुद्दाम देत नाही. वडील वारले, त्यांच्या लायसन्सवर एक जुनी आखूड बंदूक होती, ती कायद्याप्रमाणे लायसन्स असलेल्या डीलरकडे जमा केलेली. मागे एक बहीण आणि दोन भाऊ. मोठ्या भावाला लायसन्स स्वतःच्या नावावर करून बंदूक घरी आणायची आहे, धाकट्याचं म्हणणं विकू आणि तिघांत वाटून घेऊ, आणि ताईंचं म्हणणं एवढंच की जे काय कराल ते आधी नीट माहिती काढून करा. मी जुन्या हत्यारांची नोंद करायचं काम हौसेनं करतो म्हणून कुणीतरी माझं नाव सुचवलं. प्रश्न दोन होते, ही नक्की आहे काय आणि हिची किंमत किती.

पहिल्या प्रश्नाला घरातच तीन उत्तरं तयार होती. गावात सांगितलं जायचं की ही १८५७ ची, तात्या टोप्यांच्या सैन्यातली. लायसन्सवर लिहिलं होतं "मार्टिनी कार्बाइन, ४५० बोअर, इंग्लिश" (बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास, ४५० म्हणजे ०.४५० इंच). आणि पुतण्याने मोबाईलवर परदेशातल्या एका लिलावाचा फोटो शोधून काढला होता, अगदी अशीच बंदूक, किंमत पौंडात, रुपयांत केली की लाखाच्या वर जाते. धाकट्याच्या डोक्यात तोच आकडा बसलेला, आणि साहजिक आहे, फोटो खरंच सारखा दिसत होता.

बंदूक डीलरच्या दुकानातच बघितली, त्यांच्यासमोर. हे मी मुद्दाम सांगतोय कारण जमा झालेलं हत्यार "जरा दाखवून आणतो" म्हणून बाहेर काढणं म्हणजे नवीन भानगड. आणि हात लावायच्या आधी ती रिकामी आहे का हे बघणं, मग ती शंभर वर्षं भिंतीवर असली तरी. मार्टिनीला बाहेर घोडा नसतो, त्यामुळे ती ताणलेली आहे का हे नवख्याला कळत नाही, लिव्हर खाली-वर केला की आतला स्ट्रायकर, म्हणजे काडतुसावर आपटणारी सुई, आपोआप ताणला जातो, उजव्या बाजूला थेंबाच्या आकाराचा एक छोटा काटा असतो तो तेवढं सांगतो. नळीचं तोंड सुरक्षित दिशेला धरून लिव्हर खाली ओढला, ब्लॉक, म्हणजे नळीचा मागचा भाग बंद करणारा ठोकळा, पुढून खाली झुकला, आत बोट घालून चेंबर, म्हणजे काडतूस बसायची जागा, रिकामं असल्याची खात्री केली, मग बाकीचं. अजून एक, मोठ्या भावाचा साडू बंदूक बघण्याआधी "जरा बफ मारून आणू का, चकचकीत दिसेल" म्हणत होता, त्यांना ताबडतोब थांबवलं. जुन्या लोखंडावर जी तपकिरी-काळी झाक येते ती घासली की खुणा पुसट होतात आणि किंमत त्याच दिवशी निम्म्यावर येते, दस्त्याला व्हार्निश मारलं तरी तेच. मऊ कापड, थोडं तेल, बस.

१८५७ चा दावा पाच मिनिटांत निकाली निघाला. तेव्हा इकडे ज्या एनफिल्ड होत्या, ज्यांच्या चरबीच्या काडतुसावरून सगळं पेटलं, त्या तोंडाकडून ठासायच्या, दारू-गोळी वरून घालून गजाने दाबायची. १८६६ नंतर ब्रिटिशांनी त्याच एनफिल्डचा मागचा भाग कापून स्नायडरचं झाकण बसवलं, म्हणजे मागून भरता यायला लागलं. आणि मार्टिनी-हेन्री ब्रिटिश लष्कराने स्वीकारली १८७१ साली, यंत्रणा स्वित्झर्लंडमध्ये काम करणाऱ्या फ्रीडरिश फॉन मार्टिनीची, नळी एडिंबराच्या अलेक्झांडर हेन्रीची. खाली लिव्हर, बाहेर घोडा नाही, एका वेळी एक धातूचं काडतूस. समोरची बंदूक नेमकी अशी होती. तात्या टोप्यांना फाशी झाली १८५९ मध्ये, हे डिझाइन तेव्हा लष्करात कुठेच नव्हतं. मोठ्या भावाला वाईट वाटलं हे दिसत होतं पण त्यांनी एक चांगला प्रश्न विचारला, मग १८७१ नंतरची म्हणजे नेमकी कधीची? खरं काम इथून सुरू झालं.

आधी हे ठरवायचं की ही जन्मतः कार्बाइन आहे की मोठी रायफल कापून आखूड केलेली, कारण कापलेल्या रायफली भरपूर फिरतात आणि त्यांना संग्राहक विचारत नाहीत. मार्टिनी-हेन्री रायफलची नळी ३३ इंचांच्या थोडी वर, एकूण लांबी ४९ इंच. घोडदळाची कार्बाइन १८७७ मध्ये आली, तिची नळी २१ ३/८ इंच, वजन साधारण साडेतीन किलो, घोड्यावर बसलेल्या माणसाला सांभाळता यावी म्हणून. तोफखान्याची कार्बाइन दोन वर्षांनी आली, तिला संगीन लावायची सोय असते, घोडदळाच्या कार्बाइनला नसते. लिव्हर बंद करून तोंडातून लाकडी काठी ब्लॉकपर्यंत घातली, खूण केली, मोजली, सव्वाएकवीस इंच. संगिनीची सोय नाही. पुढच्या माशीच्या (नेम धरायच्या उंचवट्याच्या) दोन्ही बाजूंना संरक्षणाचे कान आहेत, तेही घोडदळाच्या कार्बाइनशी जुळतात. लाकूड कापून जोडलेलं नाही, गजाची खाच बुजवलेली नाही. म्हणजे बनवणाऱ्याने सुरुवातीपासून घोडदळाची कार्बाइनच बनवायला घेतली होती.

मग बोअर. मार्टिनी नंतर ३०३ मध्येही आल्या, नळ्या बदलून, त्यामुळे नुसती यंत्रणा बघून ४५० लिहू नये. व्हर्नियरने तोंडाशी मोजलं, साडेअकरा मिलिमीटरच्या आसपास, ३०३ असती तर पावणेआठच्या आत आलं असतं. म्हणजे लायसन्सवरचे "मार्टिनी", "कार्बाइन" आणि "४५०" हे तिन्ही शब्द बरोबर. राहिला "इंग्लिश".

मार्टिनीच्या बॉडीच्या उजव्या बाजूला सगळा जन्मदाखला असतो. वर मुकुट, खाली व्ही.आर. म्हणजे व्हिक्टोरिया रेजिना, मग कारखाना, एनफिल्ड (इंग्लंडमधला सरकारी कारखाना) किंवा बी.एस.ए. ॲण्ड एम. कंपनी किंवा एल.एस.ए. वगैरे, मग साल, मग मार्क (म्हणजे कितवी आवृत्ती) आणि क्लास, घोडदळाच्या कार्बाइनवर आय.सी. आणि आकडा. सरकारी मालाचा बाण आणि डब्ल्यू.डी. म्हणजे वॉर डिपार्टमेंट, हिंदुस्थानच्या साठ्यात आलेल्यावर बाणाबरोबर आय. याशिवाय नळीवर प्रूफचे, म्हणजे जादा दारूने झाडून तपासल्याचे शिक्के, आणि जागोजागी तपासनिसांचे बारीक शिक्के, मुकुट, खाली आकडा, खाली ई. सेवेतून काढून विकली असेल तर दोन बाण टोकाला टोक लावून. हे सगळं पोलादी ठशाने एका फटक्यात मारलेलं असतं त्यामुळे अक्षराच्या कडा सरळ, खोली एकसारखी.

आपल्या बंदुकीवर मुकुट होता, व्ही.आर. होतं, एनफिल्ड होतं, आणि खाली १९०७.

थोडं थांबून ह्या चार गोष्टी एकत्र वाचा. व्हिक्टोरिया राणी २२ जानेवारी १९०१ ला गेली. १९०७ ला गादीवर सातवा एडवर्ड, त्याच्या काळातल्या सरकारी बंदुकीवर ई.आर. येतं. एनफिल्डच्या कारखान्यात राणी जाऊन सहा वर्षं झाल्यावर तिचा शिक्का मारत बसणार नाहीत. शिवाय १९०७ ला ब्रिटिश लष्कराकडे मॅगझिनच्या ३०३ ली-एनफिल्ड आलेल्या होत्या, ४५० ची घोडदळ कार्बाइन नव्याने बनवायचं काही कारणच नव्हतं. एवढ्यावरच नव्वद टक्के निकाल लागतो पण मी एका खुणेवर कधीच थांबत नाही, कारण शिक्का नंतर मारलेला असू शकतो, खऱ्या बंदुकीवर कुणीतरी पुढे काहीतरी कोरलेलं असू शकतं. म्हणून भिंग घेऊन बाकीचं बघितलं.

एनफिल्डमधला रोमन एन उलटा होता, आरशात दिसतो तसा. अक्षरं ठशाची नव्हती, छिन्नीने एकेक रेघ मारत कोरलेली, प्रत्येक रेघेच्या टोकाला छिन्नी उचलल्याची बारीक शेपटी. आय.सी. नाही, मार्क नाही, क्लासचा आकडा नाही. तपासनिसाचा शिक्का होता, पण चार ठिकाणी तोच तो, आकडासुद्धा तोच, खऱ्या बंदुकीत वेगवेगळ्या टप्प्याला वेगवेगळे तपासनीस असल्यामुळे आकडे बदलतात. नळीवर प्रूफचा शिक्का नाही. ब्लॉक ज्या पिनेवर झुकतो ती पिन खऱ्या मार्टिनीत फटीची असते, इथे भरीव आणि दोन्ही टोकांना ठोकून बसवलेली. नळीत टॉर्च मारला तर हेन्रीचे सात खाचे असायला हवेत, इथे पाच, आणि त्यातला एक बाकीच्यांपेक्षा सरळ सरळ उथळ, म्हणजे हाताने खेचलेल्या अवजाराने कापलेले.

मला सगळ्यात जास्त पटलेला पुरावा मात्र मागच्या नेमाच्या पट्टीवर होता. ह्या उभ्या पट्टीवर अंतराच्या रेघा असतात, तीनशे यार्ड, चारशे, पाचशे असं वर वर. गोळी जसजशी लांब जाते तसतशी ती जास्त वेगाने खाली पडते, म्हणून खऱ्या पट्टीवर वरच्या रेघांमधलं अंतर वाढत जातं. आपल्या पट्टीवर सगळ्या रेघा सारख्या अंतरावर, टेपने मोजून मारल्यासारख्या. म्हणजे ज्याने ती बनवली त्याला पट्टी दिसायला कशी असते हे माहीत होतं, ती कशासाठी तशी असते हे त्याच्यापर्यंत पोचलं नव्हतं. कारखान्यातून अशी पट्टी बाहेर पडूच शकत नाही.

म्हणजे ही खैबर कॉपी. वायव्य सरहद्दीवर पेशावर आणि कोहाटच्या मध्ये दर्रा आदमखेल नावाचं गाव आहे, तिथे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून घरोघरी बंदुका बनतात. लोहाराची भट्टी, कानस, हाताने फिरवायचे गिरमिट, समोर एक खरी बंदूक नमुन्याला. पठाण टोळ्यांना मार्टिनी हव्या होत्या, ब्रिटिश त्या मिळू देत नव्हते, मस्कतहून इराणच्या आखातातून चोरट्या मार्गाने हजारोंनी येत होत्या आणि जेवढ्या कमी पडत होत्या तेवढ्या हे कारागीर बनवत होते. शिक्के का कोरायचे, तर एनफिल्डचा मुकुट असला की गिऱ्हाइकाला भरवसा वाटतो. कारागिराला इंग्रजी वाचता येत नसे, तो अक्षर चित्रासारखं उतरवायचा, म्हणून एन उलटा, आणि राणीचा शिक्का कुठल्याही सालाच्या डोक्यावर. काबूलला अमीर अब्दुर रहमानने काढलेल्या सरकारी कारखान्यातही मार्टिनी बनायच्या, पण त्यांच्यावर मशिदीचं चिन्ह असतं, इथे ते नाही, म्हणून ती शक्यता सोडली.

धाकटा भाऊ लगेच म्हणाला, म्हणजे नकली. मला हे मान्य नाही आणि मी तिथेही तसंच सांगितलं. लेथ नाही, गेज नाही, ड्रॉइंग नाही, आणि माणसाने फक्त नमुना बघून आतल्या ब्लॉक-स्ट्रायकरसकट चालणारी यंत्रणा घडवलीय, आजही लिव्हर ओढला की ती बसते. एनफिल्डची म्हणून विकली तर ती फसवणूक, सरहद्दीवरच्या हातकामाची म्हणून ठेवली तर तिला स्वतःचा इतिहास आहे, आणि संग्रहालयांमध्ये अशा बंदुका त्याच नावाने ठेवलेल्या आहेत.

आता साल. १९०७ वर विश्वास ठेवायचा नाही, ज्याने राणी चुकवली त्याचं साल तरी का खरं धरायचं, तो आकडाही कुठूनतरी उतरवलेला असू शकतो. बंदुकीकडून एवढंच मिळतं की १८७७ च्या नंतरची, कारण नमुनाच त्या सालचा. वरची हद्द कागदांनी दिली. ताईंनी पत्र्याच्या पेटीतून कागद काढले, त्यात पणजोबांचं लष्करातून सुटल्याचं सर्टिफिकेट होतं, ते खेचरांच्या वाहतूक तुकडीत होते, सरहद्दीवर नोकरी, १९२४ ला सुटले. आणि एक जीर्ण लायसन्स १९३१ चं, १८७८ च्या जुन्या आर्म्स ॲक्टखालचं, त्यात "मार्टिनी कार्बाइन ४५०" अशी नोंद. त्यात "इंग्लिश" हा शब्द नव्हता! तो नंतरच्या कुठल्यातरी नूतनीकरणात कारकुनाने शिक्का वाचून घातला आणि पुढे तसाच उतरत गेला. मग ताईंनाच आठवलं की आजी म्हणायच्या, मामंजींनी पेशावरकडून आणलीय. म्हणजे खरी हकीकत घरातच होती, सत्तावनची गोष्ट नंतर कुणीतरी चिकटवली आणि ती जास्त ऐटीची म्हणून टिकली. सगळं जुळवलं तर बंदूक १९२४ च्या आधी बनलेली असण्याची दाट शक्यता आणि १९३१ च्या आधीची हे पक्कं. लेखी अहवालात मी हे असंच दोन पायऱ्यांत लिहिलं, एकच साल ठोकून दिलं नाही.

किंमत. सगळ्यात जास्त वाद इथे झाला त्यामुळे सविस्तर सांगतो. पुतण्याच्या फोटोतली कार्बाइन खरी एनफिल्डची होती, आय.सी. १, शिक्के स्वच्छ, नळी चांगली. तशी ब्रिटनमध्ये हजार पौंडांच्या आसपास किंवा वर जाऊ शकते. खैबर कॉपी परदेशात काहीशे डॉलरमध्ये मिळते, आणि अफगाणिस्तानात गेलेल्या अमेरिकन सैनिकांनी बाजारातून इतक्या आणल्या की दुर्मीळ म्हणायची सोय राहिली नाही. शिवाय अमेरिकेत १८९८ पर्यंत बनलेली बंदूक अँटिक धरतात, म्हणून कॉपीवर साल जुनं असणं विकणाऱ्याच्या फायद्याचं, आणि आपल्यावर तर उघड १९०७ कोरलेलं. पण हे सगळं वाचून हुरळायचं किंवा खचायचं कारण नाही, कारण ही बंदूक तिकडे जाणारच नाही. हत्यार म्हणून निर्यातीला परवानगी लागते, आणि १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली शंभर वर्षांपूर्वीची ऐतिहासिक वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. ही शंभरीच्या उंबरठ्यावर किंवा पलीकडे आहे. लंडनचा भाव साताऱ्यातल्या बंदुकीला लावणं हीच मूळ गफलत.

मग इथला बाजार. घेणारा लायसन्सवालाच हवा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतात, म्हणजे ज्याच्याकडे जागा आहे तो ती चालणाऱ्या नवीन हत्याराला ठेवणार. ४५० मार्टिनीची काडतुसं बाजारात मिळत नाहीत, आणि मिळाली तरी ही झाडायची नाही, दर्ऱ्याच्या लोखंडाला कडकपणा किती दिलाय आणि नळीत सांधा कुठेय हे कुणी सांगू शकत नाही, फुटली तर झाडणाऱ्याच्या चेहऱ्याजवळ फुटेल. डीलरने जो आकडा तोंडी सांगितला तो दहा हजारांच्या खाली होता. ऐकायला कमी वाटतो पण माझ्या मते तो प्रामाणिक होता. अहवालात मी दोन आकडे वेगळे दिले, एक आज कायदेशीर विक्रीत पदरात पडेल तो, डीलरच्या जवळपास, आणि दुसरा कागदपत्रांसकट एखादा अभ्यासू संग्राहक देऊ शकेल तो, पहिल्याच्या दुप्पट-अडीचपट. फरक सगळा सर्टिफिकेट आणि १९३१ च्या लायसन्सचा. खैबर कॉपी पुष्कळ आहेत, पण कुठल्या माणसाबरोबर, कुठल्या नोकरीतून, केव्हाच्या आधी महाराष्ट्रातल्या खेड्यात आली हे कागदावर असलेली क्वचित. म्हणून बंदूक एकाकडे आणि पेटी दुसऱ्याकडे अशी वाटणी करू नका हे मी तिघांना अगदी कळकळीने सांगितलं.

लायसन्सचं काय झालं तेही सांगतो कारण अशी घरं बरीच आहेत. पुतण्याने आर्म्स ॲक्टचं कलम ४५ वाचलेलं, त्यात जुन्या पद्धतीच्या किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या हत्याराला सूट आहे, मग लायसन्स कशाला? पण कलम पूर्ण वाचायचं, सूट तेव्हाच जेव्हा ते दुरुस्ती करून किंवा न करताही बंदूक म्हणून वापरता येत नाही. आपली यंत्रणा चालते, म्हणजे ही वाट बंद. २०२० च्या फेब्रुवारीत गृह मंत्रालयाने क्युरिओ (संग्रहाची जुनी वस्तू) वर्गातली छोटी हत्यारं बाळगायला लायसन्सची अट काढली, वापरायला आणि घेऊन फिरायला मात्र ती ठेवली. आपली बंदूक त्या वर्गात बसते का हे ठरवणं परवाना अधिकाऱ्याचं काम, म्हणून तो प्रश्न अर्जातच लेखी विचारला, स्वतः ठरवून घरी आणली नाही. कुणीतरी सुचवलं की नळीत वेल्डिंग मारून निकामी करा म्हणजे कटकट मिटेल. मी विरोध केला. ते परत फिरवता येत नाही, आणि हाताने कापलेल्या ज्या पाच खाचांवरून ती ओळखली त्याच त्यात बुजल्या असत्या.

मोठ्या भावाने वारसा हक्काने अर्ज केला, बहीण-भावाची संमतिपत्रं जोडली, आणि वर्णनाच्या रकान्यात दुरुस्ती मागितली, "इंग्लिश" काढून "मार्टिनी पद्धतीची घोडदळ कार्बाइन, ४५० बोअर, सरहद्द प्रांतातली हातबनावट, शिक्के कारखान्याचे नाहीत". सोबत उजव्या बाजूचा, उलट्या एनचा, नेमाच्या पट्टीचा आणि नळीच्या तोंडाचा असे शेजारी मोजपट्टी ठेवून काढलेले फोटो, मोजमापाचा कागद, जुन्या लायसन्सची झेरॉक्स. धाकट्याने दोन्ही आकडे बघितले, विक्रीचा विषय सोडला आणि त्याच्या हिश्श्याची रक्कम डीलरने सांगितलेल्या किमतीप्रमाणे मोठ्याकडून घ्यायचं ठरलं, ताईंनी हिश्श्याऐवजी पेटीतल्या कागदांची एक चांगली स्कॅन प्रत मागितली. हे लिहीपर्यंत अर्ज परवाना शाखेत आहे, बंदूक अजून डीलरकडेच जमा आहे, तेल लावून, कोरड्या कपाटात.